भिजलेले अहवाल, टेसरॅक्ट 5 आणि टिंबं: प्रकल्पाच्या नोंदी

13 जून

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाढत जाणार नाही. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या वाचनालयाचे जुने छापील वार्षिक अहवाल ऑगस्ट 2019 च्या पुरात भिजले. कपाटाच्या तळच्या फळीवर होते. पाणी ओसरल्यावर ग्रंथपाल मावशींनी पान न् पान सोडवून दोरीवर वाळवलं, माझ्या पुतण्यानं मोबाईलवर फोटो काढले. 412 फोटो. तेव्हापासून ते पेनड्राइव्हवर पडून आहेत. कुणी आजोबांचं नाव देणगीदारांच्या यादीत शोधायला आला की मावशी अंदाजानं एकेक फोटो उघडत बसतात. त्यात शब्द टाकून शोधता यावं, एवढंच करायचंय.

वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उबुंटू 20.04 ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि तिच्या तयार पॅकेजांच्या भांडारातलं टेसरॅक्ट 4.1.1. छापलेल्या पानाच्या चित्रातून मजकूर काढायचं हे काम ते नव्या, स्वच्छ पानांवर बऱ्यापैकी करतं. मावशींच्या डेस्कटॉपवर मागच्या वर्षी मी एक बटण करून दिलंय: स्कॅनरवरून टिफ, म्हणजे चित्राची फाईल, येते, बटण दाबलं की मजकुराची फाईल. ते रोज वापरात आहे.

पुराच्या पानांवर मात्र खालचा तिसरा हिस्सा साफ गायब. टेसरॅक्टला मधलं चित्र जपून ठेवायला सांगितलं आणि उघडून बघितलं. पानावर पाण्याची तपकिरी रेघ जिथून सुरू होते तिथून खाली सगळं डांबर ओतल्यासारखं काळं. अक्षरं वाचायच्या आधी ते पान निव्वळ काळं-पांढरं करून घेतं, आणि त्यासाठी नोबुयुकी ओत्सू यांची 1979 ची पद्धत वापरतं. अख्ख्या पानाला एकच उंबरठा: त्यापेक्षा गडद ते काळं, फिकं ते पांढरं. डाग उंबरठ्यापेक्षा गडद निघाला की त्याच्यासोबत त्यातली अक्षरंही गेली.

टेसरॅक्ट 5 मध्ये सॉवोला पद्धतीची सोय आहे. ती आजूबाजूच्या छोट्या खिडकीपुरतं बघून प्रत्येक ठिकाणी वेगळा उंबरठा ठरवते. सॉवोला आणि पिएटिकाइनेन या फिनलंडच्या दोघांनी ती 2000 साली मांडली. आपल्याला पाहिजे ती हीच. पण 20.04 च्या भांडारात 5 नाही, आणि ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची सोय नाही, कारण पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर. मावशींची ताकीद आहे, "बाकी कशालाबी हात लावायचा न्हाई." म्हणजे सोर्सवरून, मूळ कोडवरून, स्वतःच बांधणी.

पुतण्या म्हणाला, "काका, कशाला एवढा नाद? अ‍ॅपवर टाका की फोटो." 412 फोटो एकेक करून तू टाकणार का, म्हटल्यावर गप्प.

14 जून

आधी लेप्टोनिका. टेसरॅक्ट चित्र वाचायचं, फिरवायचं, काळं-पांढरं करायचं काम या सॉफ्टवेअर लायब्ररीवर सोपवतं. 1.82.0 चा सोर्स उतरवला. डॉट-स्लॅश-कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल, शेवटी एलडीकॉन्फिग, म्हणजे कुठली लायब्ररी कुठं आहे त्याची यादी नव्यानं लिहिणारी आज्ञा. अर्ध्या तासात सगळं झालं, एक एरर नाही. मिसळ खायला बाहेर पडलो.

15 जून

सकाळी फौंड्रीत पोचायच्या आत मावशींचा फोन. "बटण दाबलं की नुसती रिकामी फाईल येतीय." मी म्हटलं, मावशी, मी तुमच्या बटणाला हातच लावला नाही. "मग त्यानं सोताहून बंद केलं व्हय?"

संध्याकाळी जाऊन टर्मिनलमध्ये तीच आज्ञा हातानं चालवली. लेप्टोनिकाकडून उत्तर: फंक्शन नॉट प्रेझेंट. टिफ वाचायचं फंक्शनच नाही म्हणे. पण चालतंय ते जुनं 4.1.1, त्याची लेप्टोनिका वेगळी, भांडारातली, 1.79. तिला टिफ येत होतं.

कार्यक्रम कुठल्या लायब्रऱ्या उचलतो ते दाखवणारी एलडीडी ही आज्ञा लावून बघितलं. जुनं टेसरॅक्ट माझी कालची लेप्टोनिका उचलत होतं. कार्यक्रम सुरू होताना लायब्रऱ्या शोधून देणारा तो लोडर, आणि दोन्ही आवृत्त्यांचं त्याच्यासाठीचं नाव एकच, लिबलेप्ट डॉट एसओ डॉट 5. मी एलडीकॉन्फिग चालवल्यावर /युएसआर/लोकल/लिब मधली प्रत आधी सापडायला लागली आणि भांडारातली मागे पडली. पॅकेज जागच्या जागी आहे, एक फाईल बदललेली नाही, तरी कार्यक्रम बंद.

आता माझ्या प्रतीला टिफ का येत नाही? कॉन्फिगरचा लॉग उघडला. काल पडद्यावरून सरसर गेलेल्या शेकडो ओळींत एक ओळ: टिफआयओ डॉट एच, नो. टिफची लायब्ररी मशीनवर होती, पण तिच्या विकासाचं पॅकेज, म्हणजे हेडर फाईल, नव्हतं. लेप्टोनिकाचा कॉन्फिगर यावर अडत नाही. तो म्हणतो, बरं, टिफ नाही तर नाही, आणि त्या फंक्शनच्या जागी नुसती खूण ठेवून पुढं जातो. बांधणी बिनचूक होते. कास्टिंगचं असंच असतं, वरून गुळगुळीत, मशिनिंगला गेल्यावर आतला ब्लोहोल, हवेची पोकळी, उघडा पडतो. फौंड्रीत एवढी वर्षं काढून हे मला घरच्या कामात सुचू नये, म्हणजे कमाल आहे.

रात्री साडेनऊला सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन सुडो मेक अनइन्स्टॉल, पुन्हा एलडीकॉन्फिग. बटण चालू.

एक गोष्ट थोडक्यात वाचली. काल मिसळीला जाताना जागा मोकळी करावी म्हणून ते फोल्डर पुसणार होतो. अनइन्स्टॉलची यादी त्या फोल्डरमधल्या मेकफाईललाच ठाऊक असते. ती गेली असती तर कुठली फाईल कुठं टाकली ते हातानं शोधत बसलो असतो.

16 जून

काल झोपायच्या आधी टेसरॅक्टच्या सूचना नीट वाचल्या. लेप्टोनिका 1.74 किंवा पुढची चालते. भांडारातली 1.79 आहेच. म्हणजे रविवार ज्या कामात घालवला त्याची मुळात गरजच नव्हती.

लेप्टोनिकाचं विकासाचं पॅकेज भांडारातून घेतलं, तीन मिनिटं. टिफ, जेपेग, पीएनजी यांचीही घेतली. ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल ही बांधणीची हत्यारं आधीच होती. कंपायलर 9 वा, त्याला सी प्लस प्लस 17 येतं, आणि टेसरॅक्ट 5 ला तेच लागतं.

20 जून

टेसरॅक्ट 5.3.0. ऑटोजेन, कॉन्फिगर. या वेळी लॉग कागदावर छापून पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक 'नो' वर खूण, आणि तो आपल्याला लागतो का याचं उत्तर शेजारी. सतरा 'नो' निघाले. लागणारा एकही नाही. काही ट्रेनिंगच्या हत्यारांचे होते. ती वेगळी बांधावी लागतात, आपल्याला नकोत.

मग मेक, म्हणजे सगळ्या फाईल कंपाईल करून जोडणारी आज्ञा. मशीनला चार धागे, म्हणून -जे 4 द्यायचं होतं. घाईत -जे लिहून आकडा राहिला. आकडा नसला की मेक स्वतःला कसलीच मर्यादा घालत नाही, जेवढ्या फाईल मोकळ्या दिसतील तेवढे कंपायलर एकदम सुरू करतो. 4 जीबी मेमरी. माऊसचा बाण अडकला, पंखा ओरडायला लागला, डिस्कचा दिवा विझेना. पाच मिनिटं वाट बघून पॉवरचं बटण दाबून धरलं.

दुसऱ्यांदा -जे 2. संथ, पण मशीन शुद्धीवर.

जवळजवळ संपत आलं असताना वीज गेली. शाहूपुरीत पाऊस सुरू झाला की ही काही बातमी नव्हे, पण यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे मला आज कळलं.

21 जून

वीज आल्यावर पुन्हा मेक. बहुतेक फाईल झालेल्याच होत्या, त्यामुळे भराभर पुढं गेला आणि शेवटी जोडणीच्या पायरीवर थांबला: अमुक डॉट ओ, फाईल ट्रंकेटेड. बघतो तर ती ऑब्जेक्ट फाईल, म्हणजे कंपायलरनं बनवलेला तुकडा, शून्य बाइटची. आणखी शोधलं, तशा चार निघाल्या.

झालं असं की कंपायलरनं फाईल लिहून पूर्ण केली, पण मजकूर डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली. नाव राहिलं, वेळ राहिली, आत काही नाही. मेक फक्त वेळ बघतो. सोर्सपेक्षा ऑब्जेक्ट नवी असली की त्याच्या लेखी काम झालेलं. त्यानं फाईल उघडून बघावी अशी अपेक्षा ठेवणं चूकच. गंमत म्हणजे स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्समध्ये मेक लिहिला तो नेमक्या उलट दुखण्यावर: एका सहकाऱ्यानं बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली होती, कारण दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कंपाईलच झाली नव्हती.

चार फाईल पुसून भागलं असतं. पण अर्धवट लिहिली गेलेली एखादी असेल तर ती शून्य बाइटची दिसणार नाही. मेक क्लीन करून पहिल्यापासून. आधी शेजारच्या झेरॉक्सवाल्याची यूपीएस मागून आणली. "किती वेळ लागंल?" म्हणाला. तासभर म्हटलं. पावणेदोन तास लागले.

सुडो मेक इन्स्टॉल. मग टेसरॅक्टला आवृत्ती विचारली, तर म्हणे लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट 5 सापडत नाही. फाईल डोळ्यांसमोर /युएसआर/लोकल/लिब मध्ये. मागच्या आठवड्यात धसका घेतल्यामुळे एलडीकॉन्फिग चालवलंच नव्हतं. लोडर फोल्डर चाळत नाही, आपल्या वहीत बघतो, आणि वही एलडीकॉन्फिगशिवाय लिहिली जात नाही. चालवलं. आता उत्तर आलं: टेसरॅक्ट 5.3.0, खाली लेप्टोनिका 1.79.0, आणि त्याखाली चित्रांच्या लायब्रऱ्यांची ओळ. लिबटिफ त्यात आहे. ही ओळ मी दोनदा वाचली.

मावशींचं बटण तपासलं. टर्मिनलमध्ये नुसतं टेसरॅक्ट म्हटलं की आता नवं चालतं, म्हणून बटणाच्या आज्ञेत जुन्याचा पूर्ण पत्ता, /युएसआर/बिन मधला, घालून ठेवला. त्यांचं जुनं त्यांच्यापाशी.

22 जून

मराठी सापडेना. नवं टेसरॅक्ट /युएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये बघतं; मेक इन्स्टॉलनं तिथं बाकीच्या किरकोळ फाईल टाकल्या आहेत, भाषा एकही नाही. भाषांच्या फाईल सोर्ससोबत येतच नाहीत. मराठीच्या एकाहून जास्त आहेत, त्यांत एक जलद आणि एक 'बेस्ट'. बेस्ट घेतली. वेळ लागतो, पण आपल्याला घाई कुठं आहे.

पहिलं पूरग्रस्त पान, थ्रेशोल्डिंग-मेथड 2, म्हणजे सॉवोला. मधलं चित्र उघडलं. डाग गेला! तपकिरी रेघेच्या खालच्या ओळी वरच्याइतक्याच स्वच्छ. पुतण्याला हाक मारून दाखवलं. "नाद खुळा, काका."

फक्त मोठ्या टायपातली शीर्षकं विचित्र. 'जमाखर्च' हा शब्द आतून पोकळ, नुसत्या कडा उरल्यात, रांगोळीच्या ठशासारख्या.

25 जून

पोकळ अक्षरांचं कोडं सुटलं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पानावर एक इशारा येत होता आणि मी तो वाचत नव्हतो: रिझोल्यूशन 0 आहे, त्याऐवजी 70 धरतोय. मोबाईलच्या फोटोत इंचाला किती ठिपके, म्हणजे डीपीआय, हे टेसरॅक्टला सापडत नाही. ओत्सूला त्यानं फरक पडत नव्हता. सॉवोलाची खिडकी मात्र याच आकड्यावर ठरते, 0.33 गुणिले डीपीआय. 70 ला ती 23 पिक्सेलची होते.

फुटपट्टी घेऊन अहवाल मोजला. पान साडेपाच इंच रुंद, फोटोत ते 1700 पिक्सेल, म्हणजे इंचाला तीनशेच्या थोडं वर. त्या हिशेबानं 23 पिक्सेल म्हणजे कागदावर जेमतेम दोन मिलिमीटर. शीर्षकाच्या अक्षराची रेघच तेवढी जाड. खिडकी रेघेच्या आत पडली की चहूकडे काळंच. तिला वाटतं हा कागदाचाच रंग, आणि ती पोटातलं पांढरं करून टाकते. डीपीआय 300 हातानं दिलं. खिडकी 99 पिक्सेल, आठ मिलिमीटर. 'जमाखर्च' भरून आला.

28 जून

आता खरी अडचण, आणि ती बांधणीतली नाही.

अहवाल 1962 च्या आधीचे. त्या साली शासनानं शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. या पानांवर ते सगळे आहेत: नाहीं, केलें, कांहीं, पुस्तकें. मॉडेल, म्हणजे ती मराठीची फाईल, शिकलंय आजच्या मराठीवर. टिंब ठसठशीत असलं तरी कधी ते 'नाही' लिहून मोकळं होतं. शोधायच्या दृष्टीनं त्यानं बिघडत नाही, टिंब सोडून शोधायची सोय करता येते.

उलटं जे होतं ते वाईट. सॉवोला जवळून बघते, म्हणून तिला गाळाचे कणही दिसतात. शिरोरेघेच्या वर वाळलेला चिखलाचा कण म्हणजे मशीनच्या लेखी अनुस्वार. आज एका पानावर वाचनालयाच्या जागेचा उल्लेख निघाला. छापील शब्द 'नदीकांठीं'. टेसरॅक्टनं लिहिलं 'नंदीकांठीं'. एका शब्दावर तीन टिंबं. दोन 1962 च्या आधीची, एक 2019 चं.

देणगीदारांच्या यादीत हे होणं परवडणार नाही. एक कण पडला की 'पत' चा 'पंत' होतो.

के-फॅक्टर नावाचं एक माप आहे, मुळात 0.34. वाढवलं की उंबरठा खाली जातो, फिकट ठिपके गळतात. 0.5 केलं. नंदीची नदी झाली. पण दोन पानांपुढं शाई फिकी पडलेल्या ठिकाणी 'पंचगंगा' ची 'पंचगगा' झाली, आणि वेलांट्या केसासारख्या बारीक. 0.2 वर उलट, सगळ्या पानाला देवी आल्यासारखं.

कुठलाही एक आकडा घेतला की कुणाचं तरी टिंब जातं किंवा कुणाला तरी फुकटचं मिळतं.

2 जुलै

ठरलं. प्रत्येक पान दोनदा वाचायचं, एकदा 0.34 वर, एकदा 0.5 वर. दोन्हींत सारखं ते तसंच घ्यायचं. छापखान्याची शाई काळी, गाळ तपकिरी, त्यामुळे बहुतेक खरी टिंबं दोन्हींत टिकतात. जिथं फक्त टिंबाचा फरक आहे ते शब्द वेगळ्या यादीत, पान आणि ओळीसकट, मावशींसाठी. दहा पानांवर करून बघितलं, 83 शब्द निघाले. मावशींना छापून दिले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय? आन की सगळी."

स्क्रिप्ट वीस ओळींची आहे. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

6 जुलै

रात्रभर चालू ठेवलं. दोन्ही वाचनं धरून पानाला साधारण पन्नास सेकंद. सकाळी 412 पैकी 409 झाली. तीन फोटो मुळातच हललेले.

9 जुलै

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना आलं की इशारा आणि 43 ला धोका, हे आमच्याकडे पोरांनाही पाठ असतं. अजून इशाऱ्याच्या खाली आहे, पण कुंभार गल्लीतल्यांनी सामान बांधायला घेतलंय म्हटल्यावर आम्हीही कॉम्प्युटर, स्कॅनर आणि अहवालांचे गठ्ठे माडीवर नेले. झेरॉक्सवाल्यानं यूपीएस परत मागितली. रास्त आहे.

12 जुलै

माडीवर सतरंजी टाकून मावशी यादी तपासतायत. समोर छापील शब्द, शेजारी मूळ अहवाल, हातात भिंग. बहुतेक ठिकाणी एका नजरेत सांगतात, ही शाई, हा गाळ. अडलं की पान खिडकीकडं तिरकं धरतात. गाळाला जाडी असते, त्याची सावली पडते.

'नंदीकांठीं' आलं. मी म्हटलं, मावशी, त्यातलं पहिलं टिंब गाळाचं. त्यांनी पान उजेडाला धरलं, मग करंगळीच्या नखानं त्या ठिपक्यावर हलकेच घासलं. ठिपका निघाला. बाकीच्या दोन टिंबांवरून नख फिरवलं, ती जागची हलली नाहीत.

"ह्याचा फोटो परत काढ," म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटलं.